गळ भरताना

सुन्नुवाने चौदा दिवसांचा तक्ता दिला होता.
पहाटे पाच. मेणबत्ती. जाड पुठ्ठ्याची वही,
पानावर तीन रकाने:
उपकार, कबुली, मागणी.
तिचे रकाने काठोकाठ भरलेले,
अक्षर असं की प्रभूला चष्मा लागू नये.

मीही बसले.
पहिल्या दिवशी जाग आली तेव्हा
मेणबत्ती विझून गेलेली
आणि गालावर वहीच्या तारेचे वळ.
तिसऱ्या दिवशी गुडघे टेकले,
तर सगळा वेळ गुडघ्यांशीच बोलणं झालं.
सहाव्या दिवशी मागणीच्या रकान्यात लिहिलं:
बटाटे, कंदिलाची काच, मोज्यांना लोकर.
वही मिटली.
पाळकांना म्हटलं, माझ्यात काहीतरी कमी आहे.
ते म्हणाले, चिकाटी.

चिकाटी!
फेरोच्या या उत्तर टोकाला, जिथे डिसेंबरात
दिवस दाराच्या फटीएवढाच उघडतो,
मी एकतीस वर्षं आमिषघरात उभी आहे.
एका दोरीला शंभर गळ,
एका पिंपात चार दोऱ्या,
दिवसाला चार पिंपं.
बांगड्याचा तुकडा, गळ, गुंडाळी.
तुकडा, गळ, गुंडाळी.

नेमकं कधी सुरू झालं आठवत नाही.
बहुतेक रेडिओ बिघडला त्या आठवड्यात.
हातांना काम होतं, तोंड रिकामं होतं.
एका गळाला म्हटलं, मार्यूनचा खोकला.
पुढच्याला, मार्यूनचा नवरा,
त्या खोकल्याने वैतागलेला.
मग शाळेतली ती मुलगी, जी कुणाकडे बघत नाही.
मग दूर धुक्यात गेलेली गलबतं,
त्यांवरचे अनोळखी स्वयंपाकी,
प्रत्येकी एक गळ.
कधी नुसतं म्हणायचे, आज गार आहे हं.
कधी पन्नास गळ काहीच नाही.
त्या पन्नासांतही कुणीतरी असायचं.

ही प्रार्थना आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी तिला बडबड म्हणत असे.

सोळाशे गळ रोज,
आणि होग्नीच्या वाट्याला एकही नाही.
होग्नी माझा भाऊ. पलीकडच्याच बेटावर असतो.
वडिलांची होडी त्याने विकली, मला न विचारता,
त्याला सहा वर्षं झाली.
माझी बोटं त्याच्या नावावरून घसरत जायची,
जशी वाटेतल्या ओल्या दगडावरून
पाय आपसूक बाजूला पडतो.

फेब्रुवारीत एक गळ अंगठ्यात रुतला.
पार आत, काट्यासकट.
मी एक शब्द उच्चारला,
जो वडील फक्त समुद्रात वापरत,
देवळाच्या बाजूला तोंड असताना कधीच नाही.
मग आमिषघर गप्प झालं.
मेणबत्तीसमोरच्या गप्पपणात
मी एकटी असायची;
या गप्पपणात शब्द ऐकला गेला होता.
वाटलं, समोरच्या पिंपावरही कुणी गळ भरतंय,
हात थांबवून माझ्याकडे बघतंय,
रागावलेलं नाही.

अंगठा तोंडात धरून मी म्हटलं, होग्नी.
पुढे काही येईना.
क्षमा वगैरे तयार नव्हती माझ्याकडे,
आजही अर्धीच भिजवलेली आहे.
पण त्या रक्ताळल्या गळाला तुकडा लावला,
त्याच्या नावाने,
आणि दोरी गुंडाळली.

तेव्हापासून रोज एक. कधी तिसऱ्या पिंपात,
कधी अगदी शेवटी, दिवा घालवता घालवता.
त्याचा फोन आलेला नाही.
मीही केलेला नाही.
नंबर मात्र पाठ झालाय, कसा कोण जाणे.

रविवारी सुन्नुवाने विचारलं,
तुझी देवाबरोबरची वेळ कशी चाललीय?
म्हटलं, वास मारते.
ती हसली, तिला वाटलं गंमत.
माझ्या हातांना खरंच येतो तो वास,
साबणाने जात नाही,
प्रभुभोजनाची भाकर घेतानाही येतो.
पूर्वी मी मूठ मिटून घेत असे.