सतरा

पुस्तकात सतरा छापलंय. आडवा वारा, सतरा नॉट.
मी त्याखाली पट्टी धरून रेघ मारली होती,
दहावीला व्याख्येखाली मारायचे तशी.
कॅप्टन रझवी मूळचे औशाचे. रेघ बघून हसले.
"ही हद्द नव्हं पोरी. कुठंतरी परदेशात
या विमानाची परीक्षा झाली, त्या दिवशी तेवढंच वारं सुटलं होतं.
वीस सुटलं असतं तर वीस छापले असते."

मग हद्द कुठली?
ते बिस्कीट चहात बुडवत राहिले. तुटून पडलं.

मे महिना, दुपारचे चार, लातूर.
डाळ मिलचा धूर आडवा झोपलेला.
रेडिओवर बिराजदार: वारा वायव्येकडून, एकोणीस, झोत पंचविसाचा.
मांजरा भरली की म्हैस कशी जाते पैलतीरी,
तोंड धारेकडं, अंग तिरपं,
तसे आम्ही उतरत होतो,
धावपट्टी समोर नाही, उजव्या काचेत.

लोकांना वाटतं दोन इंजिनं म्हणजे दुप्पट धीर.
एक बंद पडलं तर काय, हे आम्ही रोज घोकतो.
दोन्ही धडधाकट असताना माघारी फिरायचं,
ते कुणी घोकून घेत नाही.

डावा पंख खाली. उजवा पाय पेडलवर, आणखी,
आणखी,
आणि मग पेडलच संपलं.
नाक अजून वाऱ्याकडंच. मधली पांढरी रेघ
माझ्याखालून डावीकडं निघालेली,
काळी माती जवळ, ढेकळं मोजता येतील इतकी.

कॅप्टननी हात मांडीवर ठेवले होते. उचलले नाहीत.

मी दोन्ही मुठी पुढं ढकलल्या.

नांदेडची पट्टी वाऱ्याला बरीचशी सामोरी आहे.
तिथं उतरणं म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.
सावलीत बसून पुस्तक काढलं.
सतराखालची रेघ खोडली नाही. शेजारी शिसपेन्सिलीनं लिहिलं:
उजवा पाय, आजचा.
उद्याचा वेगळा असेल, हे लिहायला जागा नव्हती.

तेवढ्यात बिराजदारांचा फोन.
"मॅडम, तुम्ही गेलात अन् अर्ध्या तासात वारं पडलं बघा.
आता पान हलंना इथं."
कॅप्टन रझवी इतके हसले की ठसका लागला.
मी पोटरी चोळत बसले होते,
ती अजून थरथरत होती.