पांढऱ्या पेशींचा भाव

आईच्या तोंडात चव म्हणून उरलीय ती लोखंडाची.
शिरोलीच्या फौंड्रीवरनं आलेला वारा, म्हणते,
गिळल्यागत वाटतंय.

तिसऱ्या डोसनंतर पांढऱ्या पेशी
अठराशेवर आल्या.
अण्णांची हयात मार्केट यार्डात, गुळाच्या सौद्यात गेलेली.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी रिपोर्ट वाचला,
सवयीनं विचारलं,
"क्विंटलला?"
कुणी हसलं नाही. मग आईच हसली.

मी पन्हाळ्याच्या पायथ्याला दिलावर मुजावरकडं गेले.
त्याचं गुऱ्हाळ बंद पडून चार वर्षं झाली.
काहिलीच्या जागेवर आता
चिपाडाच्या पिशव्या टांगलेल्या
आणि प्रत्येक पिशवीला कान फुटलेले.
धिंगरी. अंधारात
कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी.
त्यानं वाळवलेली दळून बरणी भरून दिली.
"बरं करतंय असं मी सांगणार नाही, ताई.
माझ्या वहिनीला दिलेलं."
पुढं तो बोलला नाही.
मी विचारलं नाही.

गाडीवर येताना जुळवत होते, आईला कसं सांगायचं:
हिच्यात साखरेची साखळी असते, बीटा-ग्लुकान,
गुळाच्या घराण्यातली, पण गोड नसलेली.
पहाऱ्यावरच्या पेशीचं दार ती वाजवते,
पेशीला वाटतं, आलं कोणीतरी, उठा.
एवढंच. दार वाजवणं.
उठून ती कुणाशी झुंजेल, किती वेळ,
ते सगळं शोधनिबंधाच्या शेवटच्या ओळीत असतं:
अधिक संशोधनाची गरज आहे.

आईनं बरणी उन्हाकडं धरली.
"अळंबी?"
हो.
"अनंतकाय हाय ते. बस्तीत कुठल्या तोंडानं जाऊ?"
जिनं पन्नास वर्षं घरात कांदा येऊ दिला नाही,
पाणी गाळून झालं की गाळण्यातले न दिसणारे जीव
पुन्हा विहिरीत सोडून आली,
तिला मी हिशेब घालत होते,
एका पारड्यात ती, दुसऱ्यात मोजता न येणारे.

डॉक्टर घोरपडेबाईंनी बरणी हलवून बघितली.
"जपानात एका बुरशीचं सत्त्व केमोच्या जोडीला देतात, खरंय.
ते मोजून देतात. ह्यात काय आहे, किती आहे,
कुणी मोजलंय?
लिव्हर आधीच दमलंय. थांबा.
आणि लपवून देऊ नका."
लपवून म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आईनं मधेच विचारलं,
"मागल्या खेपंचं ते लाल औषध
कशातनं काढत्यात?"
"मुळात? मातीतल्या जंतूंपासून."
ती बराच वेळ गप्प.
"मग मातीतलं कवाचंच चाललंय की."

त्या रात्री तिचं तोंड आतनं सोललं.
पाणीसुद्धा टोचायला लागलं.
म्हणाली, ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत
आजऱ्याच्या मावशीनं दिलेलं फणसोंबं असंल.
सहाणंवर उगाळ.
फणसाच्या खोडावर वाढलेलं, लाकडासारखं कठीण;
गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या तोंडाला
तिनंच लावलेलं.
डॉक्टरांना फोन केला. लावा म्हणाल्या, गिळू देऊ नका.
"आई, हीपण बुरशीच गं."
"ठावं हाय.
खात न्हाई मी. लावतो."

चौथ्या डोसच्या सकाळी पेशी चौतीसशे.
दंडातल्या सुईनं, की नुसत्या दिवसांनी,
कुणास ठाऊक.
बरणीचं झाकण अजून उघडलेलं नाही.

जुन्या सौद्यात भाव बोलत नसत,
रुमालाखाली बोटं दाबत.
अण्णांचा हात चादरीखाली गेलेला मी बघितला.
किती बोटं दाबली, दिसलं नाही.
आईनं मान हलवली.
"कमी हाय. वाढवा."