रास्त

सांदोय बेटावर ऑक्टोबरात मेंढ्या कापतात.
आब्सालोनच्या वाळवणीच्या खोपटाला
फळीफळीमध्ये बोटभर फट, मुद्दाम सोडलेली.
समुद्रावरचा वारा आत शिरतो,
टांगलेल्या मांड्यांवरून खारा हात फिरवतो
आणि पलीकडच्या फटीतून निघून जातो,
आला होता त्याहून किंचित ओला होऊन.

सुन्नुवा यंदा डेन्मार्कहून आली ती
वजनकाटा आणि आखलेली वही घेऊन.
"बाबा, पाणी का चालतं, सांगू?
इथे जास्त, तिथे कमी, म्हणून.
तोल साधला की थांबतं."
म्हातारा सुरीला धार लावत होता.
"एवढं शिकायला पाच वर्षं?"

ती हसली, पण थांबली नाही.
मांसाला चिकटून हवेचा एक पापुद्रा असतो,
वारा कितीही भणाणला तरी जवळजवळ न हलणारा.
पाण्याच्या कणाने तेवढं अंतर पायी तुडवायचं,
पलीकडे मग वाऱ्याची गाडी तयार.
आणि त्याआधी आतली वाट, तंतूतंतूंमधून,
अंधारी, वळणावळणाची, चुकतमाकत.
मांडी दुप्पट जाड, तर वेळ चौपट.
"हे मेंढीला सांगायला हवं होतं," आब्सालोन म्हणाला,
"उन्हाळ्यात, ती चरत होती तेव्हा."

नाताळात भावाचं लग्न. पाहुण्यांच्या ताटात
मुरलेलं मटण हवं, आणि हवा तर दमट, पडलेली.
म्हणून एक मांडी तिने माळ्यावर नेली,
हीटर लावला, पंखा लावला, खिडकी ओढून घेतली.
पहिले चार दिवस काट्याने शाबासकी दिली.
पाचव्या दिवशी आकडा अडला.
नवव्या दिवशी टिचकी मारली
तर खोगिराच्या चामड्यासारखा आवाज.

बापाने सुरी घातली, वास घेतला,
तिच्या नाकाखाली धरली, बोलला काही नाही.
आतलं पाणी दाराशी येऊन उभं होतं
आणि दार आधीच वाळून बंद झालेलं.
कड्यावरून फेकलेली ती मांडी
उचलायच्या आधी कावळ्यांनीसुद्धा विचार केला.

वहीत तिने लिहिलं:
जिथे वाट सगळ्यांत अरुंद, तिथला वेग खरा.
मग खोडलं. हे तर पुस्तकात होतंच,
फक्त तिथे त्याला वास नव्हता.

अर्धवट मुरलेल्या, नाकात भिनणाऱ्या या मांसाला
इथली माणसं म्हणतात: रास्त.
आपल्या रास्तशी त्याचं काही नातं नाही,
दोन किनाऱ्यांवर सापडलेले सारखे गोटे, इतकंच.
तरी मी तो शब्द भाषांतरित करत नाही.

जानेवारीत ती परत गेली. वही खुंटीला राहिली.

मे महिन्यात येऊन बघते तर
रकाने पुढे भरलेले, पेन्सिलने,
दर रविवारी, जाड, दाबून काढलेल्या अक्षरात:

३.१. वायव्येचा, कोरडा.
३.१. धुकं. कोणीच हललं नाही.
२.९. पुन्हा वायव्येचा. रात्रभर फळ्या वाजत होत्या.

मार्चच्या एका ओळीत वजनाचं घर रिकामं,
आणि वाऱ्याच्या घरात न मावता
समासापर्यंत सांडलेलं:

"मालानचा वाढदिवस. काटा काढला नाही.
खोपटात बसलो. या फटी तिने मापल्या होत्या,
आपलं बोट घालून, एकेक फळी ठोकताना.
माझ्या बोटाने मापल्या असत्या
तर पहिल्याच वर्षी सगळं कडक झालं असतं.
हे तिला सांगायचं राहिलं."

त्याखाली, पुढचा रविवार:
२.८. दक्षिणेचा, ओलसर.

बाहेर आब्सालोन कुत्र्याला हाका मारत होता.
सुन्नुवाने वही मिटली,
उत्तरेकडच्या फटीत बोट घातलं.
वारा क्षणभर अडखळला,
मग तिच्या नखाला वळसा घालून
आत गेला, कामाला.