गुरुवारची हजेरी

गुरुवारी सहाला मी खुर्च्या मांडतो. चाळीस.
येतात अकरा.
पण नगरपालिकेच्या फॉर्मवर ‘अपेक्षित’ असा रकाना आहे,
आणि अपेक्षेत काटकसर करू नये,
असं आमच्या ग्रंथपाल दोना ल्युसिंदा म्हणतात.

कोव्हिल्याचं हे ग्रंथालय पूर्वी लोकरीची गिरणी होतं.
बालविभाग आहे तिथे धुलाई चाले.
दमट हवेत भिंतींना अजून ओल्या मेंढीचा वास येतो.
मुलं नाकं मुरडतात,
म्हातारे खोल श्वास घेतात.

पहिलं व्याख्यान अर्थशास्त्राचं.
कोइंब्राहून तरुण प्राध्यापक आला, बुटांवर बर्फ तसाच.
फळ्यावर चढती रेघ ओढली: ही महागाई.
तिच्याखाली दुसरी, धापा टाकत निघालेली: हे वेतन.
अदेरितुने, ज्याची एकेचाळीस वर्षं मागावर गेली, विचारलं,
“या दोन रेघांच्या मधे जी जागा आहे
तिथे कोण राहतं?”
प्राध्यापकाने चष्मा पुसला.
“तिला आम्ही तफावत म्हणतो.”
“आम्ही तिला घर म्हणतो,” अदेरितु म्हणाला, “भाडं थकलंय.”
हशा. खोकला.
कुणीतरी हीटरला लाथ घातली, तो सुरू झाला.
रात्री मी फळा पुसला.
मधल्या जागेत पुसण्यासारखं काही नव्हतं,
तरी फडका फिरवला.

कलेच्या गुरुवारी रस्ते गोठलेले. आले सहा
आणि एक कुत्रा. मी सात लिहिले.
लिस्बनच्या बाईंनी पडद्यावर जुनं भिंतवस्त्र दाखवलं:
विणलेला समुद्र, निळाच निळा,
आणि मधोमध एक फिकट पट्टा.
बाई म्हणाल्या, ही पहाट आहे,
अज्ञात कलावंताला लाटांवर दिसलेली आशा.
मागच्या रांगेतून दोना झुल्मिरा, वय ब्याऐंशी,
हातमोजे न काढता:
“पहाट कसली? पिंप थकलंय ते.
शनिवार संध्याकाळ असणार.
निळीच्या पिंपाला वेळेवर खायला घालावं लागतं, नाहीतर ते
असंच पांढरं तोंड करून बसतं.”
बाई थबकल्या. मग वही उघडून म्हणाल्या,
“खायला म्हणजे काय घालायचे?”
पुढचा पाऊण तास
व्याख्यान मागच्या रांगेतून झालं.

इतिहासाला मात्र खुर्च्या पुरल्या नाहीत.
बालविभागातली बुटकी स्टुलं आणली,
त्यांवर माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली.
पडद्यावर संपाचा फोटो: गिरणीचं बंद फाटक,
बाहेर बायका, थंडीत डोक्यावर शाली.
खाली ओळ: अज्ञात कामगार स्त्रिया.
“अज्ञात कुणाला?” झुल्मिरा म्हणाली.
“ती डावीकडची मी.”
मग नावं सुटली,
शिवण उसवावी तशी, एकामागे एक:
प्येदादि, ओर्तेंसिया, बेकरीवाल्याची बहिरी पोर,
ती, जी पुढे फ्रान्सला गेली आणि ज्या पत्रात पैसे नसत तेच लांबलचक लिही.
इतिहासकार पेन्सिल घेऊन खाली जमिनीवर बसला.

फाटकाच्या आतल्या बाजूला एक माणूस राहिला.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
त्याच्यापाशी येऊन सभागृह गप्प झालं.
सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं.
मी दाराशी उभा होतो, कमरेला किल्ल्या.
“तो आझारियास,” मी म्हणालो. “माझा बाप.
कुलूप त्याने लावलं.”
इतिहासकाराने लिहून घेतलं,
बाकीच्यांच्या नावांखाली, त्याच अक्षरात.

मग मी खुर्च्या आवरल्या. फॉर्मवर ‘उपस्थित’मध्ये त्रेपन्न लिहिले,
खोडून चोपन्न केले.
झुल्मिरा पायरीवर थांबली होती, हात धरायला कुणी हवं म्हणून.
उतारावर बर्फ काचेसारखा.
अर्ध्या वाटेत म्हणाली, “पुढच्या गुरुवारी काय आहे?”
“व्याजदर.”
“मग आधी तो हीटर दुरुस्त करून घे.”