अनुक्रमांक बावीस

कॉलेजला सुट्टी लागली की
बाटल्यांवरची धूळ पुसतो, फॉर्मॅलिनची पातळी बघतो,
पांढरे पडलेले बावन्न मासे
त्यांच्या लॅटिन नावांसकट कपाटात कुलूपबंद करतो
आणि जिंतूरच्या गाडीत बसतो.
एकटा. दर मे महिन्यात.
मेलेल्यांची राखण दहा महिने केली,
आता जरा जित्यांना भेटून येतो.

पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
हिंग लावून मळलेल्या कणकेचा गोळा,
दोनशे पानी वही,
आणि मुनीर घड्याळजींनी सुई तापवून वाकवलेला
तांदळाच्या दाण्याएवढा गळ.
प्रयाग म्हणते, मोजता कशाला, तोलून आणा की.

येलदरीच्या खाली मे महिन्यात
पूर्णा नदी उरत नाही,
डोहांची यादी उरते.
सगळे मासे एकेका खोलीत कोंडलेले, भाडेकरूंसारखे.
उन्हाळ्यात मासा सोपा होतो,
ह्याची मला थोडी लाज वाटते,
पण तरी जातो.

वहीत आतापर्यंत सदतीस.
घोगऱ्या, जो बाहेर काढला की कुरकुरतो.
मुरी, वाळूत अंग पुरून नुसती डोळ्यांनी जगणारी.
काचमासा. तो वहीवर धरला
तर त्याच्या पोटातून मला माझंच अक्षर वाचता आलं.
सुईमासा: तीन उन्हाळे हुलकावणी,
चौथ्या उन्हाळ्यात मी लघवीला उठलो तेव्हा लागला.
प्रत्येकाला पाण्यात सोडलेलं. प्रत्येकासमोर तारीख.

अकरा वाजता दगड बसू देत नाही.
डोक्यावर ओला टॉवेल, तोही पाच मिनिटांत कडक.
समोर बाभळीवर खंड्या.
तोही एकटाच आलेला,
पण तो लिहून ठेवत नाही.

दोरा हलला. ओढ म्हणावी इतकीही नाही,
कुणी बाही धरावी तशी.
वर आला बोटाएवढा मासा:
अंगभर एक शेंदरी पट्टा,
शेपटीपाशी काळा डोळा, खऱ्या डोळ्याहून ठळक.
हे मी पाहिलेलं नव्हतं. की होतं?
डब्यातल्या पाण्यात धरून परांचे काटे मोजले,
दोनदा चुकलो, हात थरथरत होता.
लिहिलं: अडतीस.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खोडलं.

"काय गावलं, मास्तर?"
केवळाबाई भोई, पदर खोचलेला, खांद्यावर हातजाळं.
मी मास्तर नाही, परिचर आहे,
हे तिला तीन वर्षांपूर्वी सांगून झालं होतं.
नवीन आहे, म्हणालो.
तिनं डब्यात डोकावलं. हसली नाही.
"मरळीचं लेकरू हाय हे.
मोठं झालं की रंग सोडतंय.
माय तितंच असंल, दगडाखाली,
तुमच्याकडंच बघायली."

बघितलं.
शेवाळाच्या कडेला पाण्याचाच एक भाग
पाण्याहून काळा होता
आणि हलत नव्हता.

डबा आडवा केला. शेंदरी रेघ गेली.

मग सावलीत बसून वही मागे चाळली
आणि पोटात गोळा आला:
अनुक्रमांक बावीस. दुधना, सेलूच्या पुलाखाली,
सहा वर्षांपूर्वी.
रंगीत पेन्सिलीनं काढलेला तोच पट्टा,
खाली मी ठेवलेलं नाव: शेंदऱ्या.
आणि अनुक्रमांक नऊवर, हातभर लांब,
मरळ.
म्हणजे आई एका पानावर, लेकरू दुसऱ्या,
आणि मध्ये मी, सहा वर्षं, अभिमानानं.

बावीसवर रेघ मारली. अडतीसवर मारली.
पुढचे आकडे बदलले नाहीत,
ती जागा मोकळीच राहू दे.

संध्याकाळच्या गाडीत कंडक्टर वास घेत म्हणाला,
मासे आहेत का पिशवीत?
नाहीत, म्हणालो. एक कमीच झाला.

आता जूनची वाट बघतोय.
तिसऱ्या फळीवर, डावीकडून पाचव्या बाटलीत
बोटाएवढा एक मासा आहे, चिठ्ठी गळून पडलेला.
रंग तर केव्हाच गेला.
शेपटीपाशी काळा ठिपका आहे की नाही,
इतक्या वर्षांत
मी बघितलेलंच नाही.