दोन बकऱ्या

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक.
खाली, वळणदार अक्षरात:
सफरचंद, डाळिंब, खजूर, सुकामेवा.
आणि तोंडी सांगितलं, जेवणावर लगेच चहा नको.
एवढंच काय ते फुकट होतं.
कागद घडी करून कनवटीला लावला
नि बाजारात जाऊन सफरचंदाचा भाव विचारून आले.
विचारायला पैसे पडत नाहीत.

विक्रोळीत रात्री साडेनऊला रामदुलार गोणपाट झटकतो.
मुळ्याचा पाला पिरगळून एकीकडे,
फ्लॉवरची बाहेरची पानं, बिटाचे लालभडक देठ,
सगळं गटाराच्या कडेला.
मी म्हटलं, इकडे द्या.
तो म्हणाला, बकरी पाली है क्या, भाभी?
तोंडातून निघून गेलं, हो. दोन आहेत.

तेव्हापासून आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत
दोन बकऱ्या राहतात.
थोरली सातवीत, प्रांजल. धाकटा वेदू, बालवाडीत.
कोरडा पाला खात नाहीत, नखरे फार.
मग बाजरीच्या पिठात कालवायचा, लसूण ठेचून,
आईच्या लोखंडी तव्यावर थापायचा.
बिटाची पानं मसुरीत.
फ्लॉवरचे दांडे मूठभर सुकटीत,
वरून अर्धं लिंबू. उरलेलं अर्धं उद्याला.

एकदा वेदू वेफर्ससाठी रस्त्यावर लोळला.
घेऊन दिले, पाच रुपयांचे.
फुगलेली पिशवी, आत अकरा चकत्या.
त्यातल्या दोन मी खाल्ल्या.
छान लागतात, खोटं कशाला बोलू.
पाच रुपयांत शेंगदाणे किती आले असते
ते मोजत घरापर्यंत आले, तेवढंच.

बकरी ईदच्या सुमाराला रामदुलारने विचारलं,
बेच दिया क्या?
नाही हो, लळा लागलाय.
दूध देती है?
देतील, म्हटलं, पुढेमागे.
तो हसला. कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

मग माझंच चुकलं.
नळावर शेवंताला थालीपिठाची रीत सांगितली,
तिने जावेला, जावेने चाळीला.
आता गटाराच्या कडेला काही पडत नाही.
पाल्याची जुडी बांधलेली असते, सुतळीने, पाणी मारून,
पाच रुपयाला.
पूरा विक्रोली बकरी पाल रहा है, भाभी, क्या करूँ?
मी तीन म्हटले. चारला सुटली.

परवा पुन्हा बोट टोचलं. दहा पूर्णांक दोन.
डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, बघा,
सफरचंद खाल्लं की फरक पडतो.
मी नुसती मान हलवली.
तोंड उघडलं असतं
तर मुळ्याचा वास आला असता.