फुंकणी

सीपीआरमधल्या शिंगाडे सिस्टरनं विचारलं,
"मावशी, श्वास कसा घेता तुम्ही?"
मला हसूच आलं.

बाई, आमच्या हुपरीत
माझ्या श्वासावर किती पैंजणं जुळली
त्याचा हिशेब न्हाई.
घुंगराला डाख द्यायचा तर
ज्योत वाकवावी लागते फुंकणीनं,
निळी, सुईच्या टोकाएवढी, न हलणारी.
गालात वारा साठवायचा,
नाकानं आत, तोंडानं बाहेर,
मध्ये तुटला की चांदी काळवंडते
आणि तो तुटलेला श्वास
शनिवारी मजुरीतून कापला जातो.
चाळीस वर्षं.

"तो ज्योतीचा झाला," सिस्टर म्हणाली,
"तुमचा कुठाय?"

माझा?
जिना चढताना तोंडानं ओढते तो,
की बाळगोंडा बँकेचा कागद घेऊन दारात आला
की गळ्याशीच अडतो तो?
रात्री तोंड उघडंच.
सकाळी जीभ नव्या पायताणासारखी.

तिनं माझाच हात माझ्या पोटावर ठेवला.
चार मोजून आत, नाकानं.
सहा मोजून बाहेर.
पहिल्या वेळी नुसते खांदेच उचलले,
दुसऱ्या वेळी खोकला,
मग मोजणीच चुकली.
सातव्या की आठव्या वेळी
पोट वर आलं,
तव्यावरची भाकरी फुगते तसं,
हळू, एका कडेनं.

परतताना एसटीत खिडकीशी बसले.
तोंड मिटून.
कुठल्याशा फाट्यावर गुऱ्हाळाचा वास आला,
काहिलीतल्या उकळत्या रसाचा.
इतकी वर्षं या नाकात नुसतं तेजाब होतं.
कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे.

महिन्यानं बीपी जरा उतरलं.
गोळी आहेच.
झोप मात्र लागते,
आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर
आता कठड्याला धरत न्हाई.

सुनेकडं गॅसची बत्ती आहे.
फुंकर लागत न्हाई तिला.
तरी डाख देताना बघते तर
पोरगी दम कोंडूनच बसलेली,
खांदे कानाला लावून,
जणू तिनं सोडला तर घुंगरू उडून जाईल.

मी मागनं जाते.
पाठीवर हात ठेवते.
सोड की गं, म्हणते,
ज्योत काय तुझ्यावर न्हाई आता.